स्त्रियांचें आरोग्य व घरांतील भेदभाव

(घरीं व बैठकींत वाचून चर्चा करण्यासाठीं पाठ)

वाचकहो, आपल्या खेड्यांत "बायकांचें दुखणें" असा एक शब्द रूढ आहे. कंबर दुखते, चक्कर येते, अंगावरून पांढरें जातें, घागर उचलली कीं धाप लागते. ह्या सर्वांस हें एकच नांव देऊन आपण मोकळे होतों. नांव दिलें कीं विचार संपला. बाईच्या जातीला हें असावयाचेंच, असें सासू सुनेस सांगते, सून आपल्या मुलीस सांगते, आणि पुरुष तर ह्या विषयांत तोंडच उघडीत नाहींत. आजच्या पाठांत आपणांस हें पाहावयाचें आहे कीं, ह्या दुखण्यांपैकीं किती दुखणीं स्त्रीला तिच्या शरीरानें दिलीं आणि किती आपल्या रीतिभातींनीं दिलीं. शरीर बदलणें आपल्या हातांत नाहीं. रीत बदलणें आहे. म्हणून हा भेद नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

१. शरीराचा दोष कीं रीतीचा?

प्रथम एका आक्षेपाचा विचार करूं. कित्येक जण म्हणतात, "बायका पुरुषांहून अधिक वर्षें जगतात, मग त्यांच्या आरोग्याची आबाळ होते असें कसें म्हणावें?" हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर आंकड्यांतच आहे. जगांतील बहुतेक देशांत स्त्री पुरुषापेक्षां अधिक जगते, कारण तिची शरीररचना अधिक चिवट आहे. तान्हेपणींहि मुलगी मुलापेक्षां अधिक तग धरते. असें असतां भारतांत १९७०-७५ च्या सुमारास पुरुषाचें सरासरी आयुष्य ५०.५ वर्षें होतें आणि स्त्रीचें ४९ वर्षें. म्हणजे निसर्गानें जें तिला अधिक दिलें होतें, तें कोणी तरी वाटेंतच काढून घेत होतें. पुढें २०१६-२० ह्या काळांत हेच आंकडे पुरुषाचे ६८.६ व स्त्रीचे ७१.४ असे झाले.

ह्या पन्नास वर्षांत बाईचें शरीर कांहीं बदललें नाहीं. बदललें तें निराळेंच. लसी आल्या, दवाखाना जवळ आला, बाळंतपणें दवाखान्यांत होऊं लागलीं, मुली शाळेंत जाऊं लागल्या, लग्नाचें वय वाढलें, मुलांची संख्या घटली. ह्यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, पूर्वींची हानि अटळ नव्हती. दुसरी, माणसांनीं मनावर घेतलें तर ती भरून येते. परंतु आयुष्य वाढणें आणि आरोग्य मिळणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिक जगलेलीं वर्षें जर कण्हत काढावीं लागलीं, तर त्यांचा हिशेब अजून बाकी आहे असें समजावें.

२. जन्माच्या आधींच

भेदभाव मुलीच्या जन्माची वाट पाहत नाहीं. सहा वर्षांच्या आंतील दर हजार मुलग्यांमागें भारतांत १९९१ च्या खानेसुमारींत ९४५ मुली होत्या. २००१ मध्यें ९२७ राहिल्या आणि २०११ मध्यें ९१९. महाराष्ट्रांत हा आंकडा त्याच वीस वर्षांत ९४६ वरून ९१३ वर व तेथून ८९४ वर उतरला. बीड जिल्ह्यांत २०११ सालीं तो ८०७ इतका खालीं गेला होता. वास्तविक गर्भाचें लिंग पाहण्यास मनाई करणारा कायदा देशांत सर्वांच्या आधीं महाराष्ट्रानेंच १९८८ मध्यें केला, आणि १९९४ मध्यें तसा कायदा सर्व देशासाठीं झाला. कायदा पुढें गेला. घर मात्र मागें राहिलें.

ह्यांत केवळ न जन्मलेल्या मुलीचीच हानि होते असें नव्हे. मुलगा व्हावा म्हणून एकामागून एक बाळंतपणें सोसावीं लागतात, किंवा चोरून गर्भ पाडला जातो. ह्या दोहोंचा भार आईच्याच शरीरावर पडतो. शिवाय मुलगी झाली म्हणून बाळंतिणीच्या खाण्यापिण्यांत हात आंखडणारीं घरें अजून आहेत. येथें शास्त्राची एक साधी गोष्ट प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी. मूल मुलगा होणार कीं मुलगी, हें बापाकडून येणाऱ्या बीजावरून ठरतें. आईकडून प्रत्येक वेळीं एकाच जातीचें गुणसूत्र येतें. बापाकडून दोन जातींपैकीं एक येतें. म्हणून मुलगी झाल्याबद्दल सुनेस बोल लावणें हा अन्याय तर आहेच, पण अज्ञानहि आहे.

जन्मल्यावर मुलीच्या आजाराकडे उशिरा पाहिलें जातें. मुलाला ताप आला तर त्याच दिवशीं तालुक्याची वाट धरली जाते; मुलीला आला तर "उद्यां पाहूं" म्हणतात. निसर्गतः मुलीच अधिक टिकावयाच्या असतां आपल्या देशांत कित्येक दशकें पांच वर्षांच्या आंत मुलांपेक्षां मुलीच अधिक मरत आल्या, त्याचें एक मोठें कारण हें "उद्यां" होय. अलीकडे हें अंतर बरेंच कमी झालें आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

३. शेवटचें ताट

पुष्कळ घरांत अजून आधीं पुरुष जेवतात, मग मुलें, मग सासू, आणि सर्वांच्या शेवटीं सून. तिला कोणी मुद्दाम उपाशी ठेवतें असें नाहीं. पण त्या शेवटच्या ताटांत काय येतें तें पाहावें. भाकरी असते, पण कालवण तळाला गेलेलें असतें. डाळ पातळ होऊन आलेली असते. दूध संपलेलें असतें. मटण केलें असलें तर तिच्या वाट्यास रस्सा येतो. पोट भरतें, रक्त भरत नाहीं.

आतां शरीराची गरज काय आहे तें पाहूं. आपल्या देशांतील आहारशास्त्रज्ञांनीं २०२० मध्यें ठरविल्याप्रमाणें पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतें आणि स्त्रीस २९ मिलिग्रॅम. मासिक पाळींत तिचें रक्त जातें, म्हणून तिची गरज दीडपट आहे. गरज दीडपट आणि ताट शेवटचें! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९-२१) असें आढळलें कीं, १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकीं ५७ जणींच्या अंगांत रक्त कमी आहे. पुरुषांत हें प्रमाण शंभरांत २५ आहे. महाराष्ट्रांतहि निम्म्याहून अधिक स्त्रिया ह्या स्थितींत आहेत.

कोणी म्हणेल, "पाळीमुळें रक्त कमी होतें, त्याला घर काय करणार?" ह्याचें उत्तर शेतकऱ्यानें आपल्या गोठ्यांत शोधावें. नांगरणीच्या दिवसांत तो बैलाची पेंड वाढवितो. गाभण म्हैस असली तर तिला वेगळें आंबोण घालतो. ज्याला अधिक लागतें त्याला अधिक द्यावें, हा नियम आपण जनावरांच्या बाबतींत बिनचूक पाळतों. घरांतील बाईच्या बाबतींतच तो कां विसरतों?

रक्त कमी असलेल्या बाईस थोड्या कामानें धाप लागते, डोळ्यांपुढें अंधारी येते, हातपाय गळून जातात. घरांत तिला आळशी म्हणतात. बाळंतपणांत तर खरा धोका असतो. ज्या रक्तस्रावांतून धडधाकट बाई सांवरते, त्यांतच अशक्त बाई दगावते. तिचें मूल कमी वजनाचें निपजतें, आणि तें मूल मुलगी असलें तर तेंच शेवटचें ताट पुढें तिची वाट पाहत असतें. अशा रीतीनें एका पिढीची उणीव दुसऱ्या पिढीच्या हाडांत उतरते.

४. लग्नाचें वय

लवकर लग्न हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या मुंबईच्या रखमाबाईंनीं नांदावयास जाण्याचें नाकारलें, तेव्हां त्यांच्यावर १८८४ मध्यें खटला झाला. नवऱ्याकडे जा, नाहीं तर तुरुंगांत जा, असा १८८७ मध्यें निकाल मिळाला असतां त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें तडजोड झाली, आणि त्याच रखमाबाई विलायतेंत वैद्यकी शिकून सुरतेस स्त्रियांच्या दवाखान्यांत डॉक्टर झाल्या. १८९१ मध्यें संमतिवयाचा कायदा होऊन तें वय १० वरून १२ झालें. १९२९ च्या कायद्यानें मुलीचें लग्नाचें वय १४ ठरलें. १९७८ पासून तें १८ आहे. तरीहि वर सांगितलेल्या पाहणींत २० ते २४ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकीं देशांत सुमारें २३ व महाराष्ट्रांत सुमारें २२ जणींचें लग्न अठराच्या आधीं झाल्याचें आढळलें.

कायद्यानें वय ठरविलें तें केवळ हौसेनें नव्हे. कोंवळ्या मुलीचें कटिर पूर्ण वाढलेलें नसतें. मूल अडतें. पुष्कळ वेळ अडल्यानें मूत्राशय व योनिमार्ग ह्यांमधील पडदा दाबला जाऊन मरतो, तेथें छिद्र पडतें, आणि मग रात्रंदिवस लघवी झिरपत राहते. अशा मुलीच्या अंगास वास येतो म्हणून नवरा तिला टाकतो, माहेरचे तिला ओसरीवर ठेवतात. तिचा दोष एवढाच कीं, मोठ्या माणसांनीं तिची वाढ होऊं दिली नाहीं. हें छिद्र शस्त्रक्रियेनें पुष्कळदां बुजवितां येतें, हें सर्वांनीं ध्यानांत ठेवावें व अशी बाई कोठें आढळल्यास तिला मोठ्या रुग्णालयांत न्यावें.

५. बाळंतपण व तीन विलंब

कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांचें नववे वर्षीं लग्न झालें आणि चौदावे वर्षीं मूल झालें. तें योग्य उपचारांवांचून दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्यांनीं डॉक्टर होण्याचा निश्चय केला, १८८६ मध्यें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें पदवी मिळविली, आणि १८८७ मध्यें अवघ्या एकविसाव्या वर्षीं क्षयानें त्यांचा पुण्यास अंत झाला. त्याच शतकाच्या शेवटच्या दशकांत तामिळ मुलखांत आयडा स्कडर नांवाच्या तरुण अमेरिकन मुलीकडे एकाच रात्रीं तीन घरांतून बोलावणें आलें. तिन्ही घरीं बाई अडली होती. आयडाचे वडील डॉक्टर होते व जावयास तयार होते. पण पुरुष डॉक्टराला घरांत घेणें कोणासच मान्य नव्हतें. सकाळपर्यंत तिन्ही बाया वारल्या. पुढें आयडाबाई स्वतः डॉक्टर झाल्या, आणि १९१८ मध्यें वेल्लोर येथें स्त्रियांसाठीं वैद्यकीय शाळा त्यांनींच काढली. ह्या तीन बायांस रोगानें मारलें कीं रीतीनें, ह्याचा निर्णय वाचकांनींच करावा.

तेव्हांपासून मोठी मजल मारली गेली आहे. भारतांत दर लाख जिवंत जन्मांमागें २००१-०३ मध्यें ३०१ बाळंतिणी दगावत. २०१८-२० मध्यें हा आंकडा ९७ वर आला, आणि महाराष्ट्रांत ३३ वर. तरी जें मरण राहिलें आहे तें कोठें घडतें हें समजण्यास "तीन विलंबांचा" विचार फार उपयोगी आहे. सेरीन थॅडियस व डेबोरा मेन ह्या दोन विदुषींनीं तो १९९४ मध्यें मांडला. पहिला विलंब दवाखान्यांत न्यावें कीं नाहीं हें ठरविण्यांतला. दुसरा तेथें पोंचण्यांतला. तिसरा पोंचल्यावर उपचार मिळण्यांतला. दुसरा विलंब रस्ते व गाड्या कमी करतात. तिसरा डॉक्टर व परिचारिका कमी करतात. पण पहिला विलंब सर्वस्वीं घरांत घडतो. बाई कण्हत असते आणि घर म्हणतें, "मालक शेतावरून येऊं द्या," "आत्यांना विचारूं द्या," "आमचीं सगळीं घरींच झालीं." ज्या बाईचा जीव जात असतो, तिचेंच मत तेवढें कोणी विचारीत नाहीं. हा विलंब कमी करण्यास सरकारचा एक पैसाहि लागत नाहीं.

६. न बोललेलें दुखणें

आतां सर्वांत कठीण भागाकडे येऊं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग ह्या दांपत्यानें १९८६ पासून खेड्यांतील आरोग्याचें काम चालविलें. तोंपर्यंत आरोग्ययोजनांच्या हिशेबांत बाई म्हणजे गरोदर बाई किंवा संततिनियमन करून घेणारी बाई, एवढीच तिची गणना असे. ह्या दांपत्यानें दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचा वृत्तांत १९८९ मध्यें "लॅन्सेट" ह्या विलायती वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. दर शंभर स्त्रियांपैकीं ९२ जणींस जननेंद्रियांचा एक तरी रोग होता. एकेका स्त्रीमागें अशा रोगांची सरासरी ३.६ पडली. त्यांतील निम्मे रोग जंतुसंसर्गाचे, म्हणजे औषधानें बरे होण्यासारखे होते. आणि पूर्वीं कधीं ह्यासाठीं तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या आठ निघाल्या.

हे आंकडे वाचून सर्व जगांतील वैद्य चकित झाले. पण त्या गांवांतील स्त्रियांस त्यांत नवल वाटण्यासारखें काय होतें? जें सर्व जणींसच होतें तें रोग वाटत नाहीं. शंभरांतील ४५ जणींनीं तर कांहींच तक्रार सांगितली नव्हती. कांहीं रोग न जाणवतांच वाढतात हें खरें. पण सांगण्याची संवय नसणें हेंहि तितकेंच खरें. पायाला काटा मोडला तर बाई सांगते. ओटीपोटांत दुखलें तर गप्प राहते. कां? तर पुरुष डॉक्टरापुढें लाज वाटते, हातांत स्वतःचा पैसा नसतो, एकटीनें तालुक्यास जाण्याची मुभा नसते, आणि कोणी बदफैली म्हणेल ही भीति असते. पुष्कळ वेळां हा संसर्ग नवऱ्याकडून आलेला असतो. तरी कलंक बायकोस लागतो. म्हणून अशा रोगांत दोघांनींहि औषध घेतलें पाहिजे. एकटीनें घेतल्यास रोग पुनः येतो.

मौनाची किंमत कर्करोगांत सर्वांत मोठी पडते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हळूहळू, कित्येक वर्षें घेऊन वाढतो. वेळींच आढळला तर बरा होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण थोडें शिकलेल्या स्त्रियांस तयार करून, व्हिनेगरमध्यें जें आम्ल असतें त्याचें पातळ द्रावण लावून ही तपासणी त्यांच्याकडून करविली. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणें, ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तेथें ह्या कर्करोगाचे मृत्यु शंभरांत ३१ नें कमी झाले. मोठें यंत्र लागलें नाहीं. विश्वासाची एक बाई आणि तपासून घेण्याचें धैर्य, एवढ्यावर काम झालें.

७. एक कोयता, दोन देह

बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं लाखों मजूर उसाच्या तोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून एक "कोयता" धरला जातो, आणि मुकादम उचल देतो ती ह्या जोडीस. एक दिवस काम चुकलें कीं खाडा पडतो व त्याचा दंड कापला जातो. बाईस पाळी आली आहे, ती गरोदर आहे, तिला ताप आहे, ह्याला त्या हिशेबांत जागा नाहीं. फडाजवळच्या खोपींत न्हाणी नाहीं, संडास नाहीं, पुरेसें स्वच्छ पाणी नाहीं. अंगावरून जाणें, ओटीपोट दुखणें हें तेथें नित्याचेंच होतें. अशी बाई डॉक्टराकडे गेली तर कित्येक ठिकाणीं "पिशवी खराब आहे, कर्करोग होईल" असें सांगून गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. तिनेंहि विचार केला कीं, पिशवी गेली म्हणजे पाळी गेली, आणि पाळी गेली म्हणजे खाडे गेले.

हा प्रकार २०१९ सालीं उघडकीस आल्यावर राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. जिल्ह्यांतील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें, म्हणजे सुमारें सहांत एकीचें, गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांत तरुण स्त्रियाहि होत्या. अशा वेळीं अंडाशयेंहि काढलीं गेलीं तर तरुणपणींच म्हातारपण येतें. हाडें ठिसूळ होतात, हृदयाचे विकार जडतात, अंगाची आग होते. दोन घोट स्वच्छ पाणी, एक संडास, पाळीच्या दिवशीं विसावा आणि वेळेवर औषध, ह्यांनीं जें टळलें असतें त्यासाठीं एक अवयव द्यावा लागला. येथें डॉक्टराचा लोभ दिसतो, मुकादमाची कठोरता दिसते. पण त्यांच्याहि मुळाशीं ही समजूत आहे कीं, बाईचें शरीर कामाच्या आड येऊं नये.

हीच समजूत संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेंतहि दिसते. त्याच राष्ट्रीय पाहणीप्रमाणें १५ ते ४९ वर्षांच्या दर हजार विवाहित स्त्रियांमागें सुमारें ३७९ जणींनीं स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. नवऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या हजारांत अवघ्या ३ होत्या. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया लहान असते, पोट उघडावें लागत नाहीं, आणि तिनें त्याची शक्ति किंवा पुरुषत्व यत्किंचितहि कमी होत नाहीं. तरीहि "त्यांना कामावर जावयाचें असतें" असें म्हणून बायकोस पुढें केलें जातें. जणूं बाईला कामच नसतें!

८. ह्यावर काय करावें?

ह्या सर्व गोष्टींत एक सूत्र आहे. ताटांत ती शेवटची, दवाखान्यांत ती शेवटची, खर्चांत ती शेवटची, आणि त्रास सोसण्यांत मात्र पहिली. हा क्रम कोणा एका दुष्ट माणसानें लावलेला नाहीं. प्रेमळ नवरे व कष्टाळू सासवा तो रोज नकळत चालवितात. सासूहि एके काळीं शेवटच्याच ताटावर बसलेली असते. तिला जें मिळालें तेंच ती पुढें देते. म्हणून दोष देत बसण्यापेक्षां क्रम बदलावा हें बरें. त्यासाठीं पुढील गोष्टी कोणत्याहि घरीं करतां येतील.

पहिली गोष्ट : सर्वांनीं एकत्र जेवावें; तें न जमल्यास सर्वांचीं ताटें एकदमच वाढून झांकून ठेवावीं. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईस आधीं वाढावें. पालेभाजी, मोड आलेलीं कडधान्यें, अळीव, आणि जेथें चालतें तेथें अंडीं व मांस हें तिच्या ताटांत असावें. जेवणाबरोबर लिंबू घ्यावें आणि जेवणास लागून चहा घेऊं नये. चहामुळें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं. लोहाच्या गोळ्यांनीं शौचास काळें होतें, क्वचित् मळमळतें. त्यानें भिऊन त्या सोडूं नयेत, जेवणानंतर रात्रीं घ्याव्या.

दुसरी : मुलीचें लग्न अठरा वर्षें पूर्ण होण्याच्या आधीं करूं नये, आणि तिची शाळा सुटूं देऊं नये.

तिसरी : बाळंतपणाच्या आधींच ठरवून ठेवावें कीं कोणत्या दवाखान्यांत जावयाचें, कोण बरोबर जाणार, पैसे कोठें ठेवले आहेत. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. पुरुष घरीं नसला तरी सुनेस नेण्याचा अधिकार घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास आहे, असें आधींच सर्वांसमक्ष बोलून ठेवावें.

चौथी : अंगावरून जाणें, ओटीपोटांत दुखणें, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणें, स्तनांत गांठ लागणें, ही लक्षणें सांगण्यास लाजूं नये. आपल्या गांवच्या आशाताईस सांगावें. ती वाट दाखवील. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास सरकारी रुग्णालयांत दुसऱ्या डॉक्टराचें मत घेतल्यावांचून होकार देऊं नये.

पांचवी : पुरुषांनीं ह्या विषयांत बोलावें. बायकोस दवाखान्यांत नेऊन बाहेर विडी ओढीत उभें राहूं नये. तिची इच्छा असेल तर तिच्याबरोबर आंत जाऊन डॉक्टराचें म्हणणें ऐकावें.

विचार व चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या घरीं शेवटीं कोण जेवतें? काल रात्रीं तिच्या ताटांत काय होतें?

२. गेल्या वर्षीं घरांत औषधांवर झालेल्या खर्चांपैकीं किती स्त्रियांसाठीं झाला?

३. मध्यरात्रीं बाळंतपणाची वेळ आली आणि घरधनी परगांवीं असला, तर निर्णय कोण घेईल?

४. तीन विलंबांपैकीं आपल्या गांवांत कोणता अधिक घडतो? तो कोण टाळूं शकेल?

५. आपल्या घरांतील बाईनें आजपर्यंत न सांगितलेलें असें एखादें दुखणें असेल काय? तिला तें विचारण्यास कोणी पुढें व्हावें?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर बैठकींत देण्याची गरज नाहीं. तें घरीं जाऊन, दार लोटून, शांतपणें विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावें. वर्षांनुवर्षें गिळलेलें दुखणें पहिल्या विचारण्यासरशीं बाहेर येत नाहीं. दुसऱ्यांदां विचारावें लागतें, कदाचित् तिसऱ्यांदांहि.